गावाच्या गाडीचं ऑइल

गाडीचं ऑइल कधी बदलायचं, हा प्रश्न लोकांनी मला कुठं कुठं विचारलाय म्हणून सांगू! लग्नाच्या पंगतीत भात वाढता वाढता वाढपी विचारून गेलाय. सासऱ्यांच्या मयतीला गेलो होतो, तिकडं सरण रचणं चाललेलं आणि एक पाहुणा कोपरानं हळूच ढोसून म्हणतो, "मिस्त्री, डिझेल गाडीला किती किलोमीटर धरायचं?" धाराशिवकडच्या वाशीत माझं गॅरेज होतं. सगळी उमर तिथं गेली. डॉक्टर दिसला की माणसाचा गुडघा दुखायला लागतो, तसं मी दिसलो की लोकांना आपली गाडी आठवायची.

उत्तर अवघड नाही. गाडीबरोबर कंपनीचं पुस्तक येतं, त्यात लिहिलेलं असतं. जुन्या मॉडेलांना साधारण पाच हजार किलोमीटर, नव्यांना दहा हजार किंवा एक वर्ष, दोन्हींतलं जे आधी होईल ते. लोक किलोमीटर वाचतात आणि तिथंच थांबतात. 'किंवा'च्या पुढं कुणी जात नाही. त्यात आमच्याकडचे रस्ते, मे महिन्याचं ऊन आणि मातीचा फुफाटा. आमच्या भागात पुस्तकाच्याही थोडं आधीच बदलावं, असं मी सांगत आलो.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात लोखंडात लोखंड फिरत असतं. मधे ऑइलचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून ते एकमेकांना खात नाही. हेच ऑइल आतली काजळी, कचरा आपल्या पोटात घेतं. घेऊन घेऊन एक दिवस त्याचं पोट भरतं. मग ते घट्ट होतं, गाळ धरतं. इंजिनाच्या तळाला एक बारीक जाळी असते. तिच्यातून ऑइल ओढून वर पाठवलं जातं. गाळानं ती जाळी बुजली की वर काही चढत नाही, आणि लोखंडाला लोखंड भिडतं. बस, एवढंच शास्त्र.

दुधाचा टेम्पो चालवणारा एकजण ऑइल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी भांडायला आला होता. "मिस्त्री, काल सोन्यासारखं पिवळं घातलं, आज बघा, डांबर! भेसळ हाय ह्येच्यात." त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की डिझेल इंजिनात ऑइल लगेच काळं होतं. काळं झालं म्हणजे आतला मळ धरायला लागलं. तो विचार करून म्हणाला, "म्हंजे आमच्या घरच्या लक्ष्मीच्या पदरावानी." मला ते लई आवडलं. पुढं कितीतरी गिऱ्हाइकांना मी त्याचंच वाक्य सांगितलं.

दुसऱ्या एका गृहस्थांची गाडी कायम गोधडीसारख्या कव्हराखाली असायची. लग्नसराईत बाहेर निघायची, नाहीतर गावातल्या गावात देवळापर्यंत. ते म्हणायचे, "चालतच न्हाय तर ऑइल खराब कशानं होईल?" हा गैरसमज फार मोठा आहे. थोडी चालणारी गाडी नीट तापत नाही. आतला दमटपणा उडून जात नाही, तो ऑइलात उतरतो. उभ्या गाडीचंही ऑइल मरतं. त्यांना हे पटलं नाही, पण गाडी त्यांची होती आणि इंजिनही त्यांचंच गेलं. दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही.

आता ज्या गाडीचं सांगणार आहे, ती एकट्याची नव्हती.

वाशीपासून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, माझी लेक त्या गावात दिली आहे. गाव माळावर, रस्ता वाईट. सरकारी ॲम्ब्युलन्स येते, पण ती एका गावाची नसते. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली असली की आपला पेशंट बाजेवर. म्हणून गावानं ठरवलं, आपली स्वतःची गाडी घ्यायची. पुढाकार आप्पांचा. आप्पा म्हणजे तेव्हाचे सरपंच, माझ्या लेकीच्या सासऱ्याचे चुलतभाऊ. घरटी वर्गणी गोळा झाली. ज्यानं त्यानं जमेल ते दिलं. बिरू नावाचा एक मेंढपाळ होता, त्याच्याकडं रोख काही नव्हतं. त्यानं आपला टकरीचा मेंढा आणून पारापाशी बांधला आणि म्हणाला, "ह्येला इका आन गाडीत घाला." त्या मेंढ्यावर त्याचा फार जीव होता. जाताना त्यानं मागं वळून बघितलं नाही, हे लोक बरेच दिवस सांगायचे.

जुनीच गाडी घ्यायची होती. बघायला मला बरोबर नेलं. मी तिचं इंजिन ऐकलं, धूर बघितला, खालून झोपून पाहिलं. इंजिन धडधाकट होतं. आत बाकडं बसवलं, स्ट्रेचर आलं, ऑक्सिजनचं नळकांडं पट्ट्यांनी आवळून बसवलं. आत ए.सी.ही होता. गावात मिरवणूक निघाली. बायकांनी गाडीला ओवाळलं. मला हार घातला होता. मिस्त्रीच्या गळ्यात हार कोण घालतो? मी तो घरी आणून देवाच्या फोटोला चढवला.

ड्रायव्हर नवनाथ. आधी वडापची, म्हणजे शिटा भरून नेणारी जीप चालवायचा, माणूस शांत. बाकीचे ड्रायव्हर गाडी माझ्याकडं सोडून चहाला निघून जायचे. नवनाथ जायचा नाही. तो ऑइल निघताना शेजारी उकिडवा बसायचा, धार बघायचा, दोन थेंब बोटांत चोळायचा. "मिस्त्री, खरखर लागती का बघा." मी चोळून बघायचो. "न्हाय. वेळेवर आणलीस." ह्यावर त्याचा चेहरा असा उजळायचा, जणू पोराचा पहिला नंबर आलाय. आप्पांच्या काळात गाडी नेमानं यायची. त्या गाडीत बाळंतिणी गेल्या, विष पिलेले गेले, झाडावरून पडलेले गेले आणि बहुतेक परत आले.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आप्पांचं पॅनल पडलं. रावसाहेबांचं आलं. रावसाहेब तरुण, बोलायला गोड, पण आप्पांचं नाव काढलं की कपाळावर शीर उठायची. गाडी कुणाची, हा पहिला वाद निघाला. दारावर आप्पांच्या आईच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं होतं. ते खरवडून तिथं ग्रामपंचायतीचं नाव आलं, त्याच्याखाली रावसाहेबांचं. रंगाला लगेच माणूस बोलावला. मी लेकीकडं गेलो होतो, तेव्हा पारापाशी रंगारी काम करत होता. अक्षर सुंदर होतं.

गाडीची चावी रावसाहेबांच्या घरी गेली. पेशंट असला तरच मिळायची. नवनाथनं एकदा-दोनदा सांगितलं की ऑइलाची वेळ झालीय. "बघू," म्हणाले. उन्हाळा गेला, दिवाळी आली. नवनाथ माझ्याकडं आला, बसच्या स्टँडवरून चालत.

"मिस्त्री, तुमी बोला रावसायबाशी. माझं ऐकत न्हाईत. म्या ड्रायव्हर माणूस."

मी गेलो. रावसाहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विषय काढला.

ते म्हणाले, "मिस्त्री, मीटर बघितलंय म्या. लई कमी चाललीय गाडी. पुस्तकात दहा हजार लिवलंय. अजून निम्मं बी झालं न्हाय."

"मीटर चाकाचं असतंय रावसाहेब, इंजिनाचं नसतंय. ही गाडी दवाखान्याच्या दारात तासतास चालू उभी ऱ्हाती, पेशंटला ए.सी. लागतो म्हणून. तेवढा वेळ मीटर जागेवर आन इंजिन फिरतंय. शिवाय पुस्तकात वर्ष बी लिवलंय. वर्ष कवाच उलटलं."

"बजेटात बसवावं लागंल. मीटिंगीत ठेवतो."

"मीटिंग कशाला? मी घालतो. माझ्याकडनं. फुकट."

तिथं मी नको त्या दुखण्याला हात लावला. त्यांचा आवाज बदलला. "फुकट कशापायी? तुमी आप्पाचं पाव्हणं. उद्या आप्पा गावभर सांगत हिंडतील, गाडी आमच्या पाव्हण्यानं जगवली म्हणून. न्हाय जमायचं. आमी बघतो आमचं."

मी तिथून उठलो तो आप्पांकडं गेलो. म्हटलं, आप्पा वडीलधारे आहेत. वैर एका दिवसापुरतं बाजूला ठेवतील, पोराला बोलावून दोन शब्द सांगतील. आप्पा अंगणात खाटेवर पडले होते. सगळं ऐकून घेतलं. मग पायावरची माशी हाकलून म्हणाले, "पडू द्या बंद. लोकान्ला कळू द्या कुणाला मतं दिली ते."

"आप्पा, बंद पडली तर आत कुणीतरी आसंल."

त्यांनी आत चहाची हाक दिली. त्यांच्या सुनेनं चहा आणला. मी तो घेतला नाही, आणि पाहुण्यांत त्याचीही वेगळी चर्चा झाली.

एकदा धाराशिवहून पेशंट सोडून परतताना नवनाथनं गाडी माझ्या गॅरेजला वळवली. मागं पेशंटचे नातेवाईक बसलेले. मी ऑइल मोजायची गेजची पट्टी ओढून बघितली. पट्टीच्या टोकाला नुसता काळा ओघळ. ऑइल कमी झालं होतं, आणि जे होतं ते काकवीसारखं. मी म्हटलं, अर्धा तास दे, सगळं खाली सोडतो, जाळी बघतो. नातेवाईक म्हणाले, घरी पोरं उपाशी आहेत, चला. मी वरून थोडं नवं ऑइल ओतलं आणि गाडी सोडली. घाण पाण्यात तांब्याभर चांगलं पाणी ओतावं, तसं ते होतं. पण गेजवर माप तरी आलं.

कुणीतरी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी नवनाथची चावडीत पेशी. "कुणाच्या हुकमानं गाडी गॅरेजला नेली? आप्पाच्या पाव्हण्याकडंच का नेली?" नवनाथ मान खाली घालून उभा राहिला. पुन्हा असं झालं तर दुसरा ड्रायव्हर बघू, म्हणाले. त्याला दोन लहान मुली, घरी थोडी कोरडवाहू जमीन. त्यानंतर तो गाडी घेऊन कधी वळला नाही. वाशीतून जाताना नुसता हॉर्न वाजवायचा. मी हात वर करायचो.

उन्हाळ्याचे दिवस होते. बिरू मेंढरांसाठी बांधावरच्या बाभळीचा पाला काढत होता. खाली पडलेल्या फांद्या ओढताना त्याला नाग चावला, मनगटाच्या वर. बायको सखू जवळच होती. तिनं आरडाओरडा केला. माणसं धावली, नवनाथ चावीसाठी पळाला. त्या दिवशी चावी लगेच मिळाली, खोटं बोलणार नाही. मंत्रतंत्र कुणी केलं नाही, थेट वाशीच्या दवाखान्यात आणलं. तिथं डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. बिरूच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. डॉक्टर म्हणाले, श्वास थांबू शकतो, मशीन लागेल, धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात न्या, मधे थांबू नका. सरकारी ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेलेली, म्हणून गावाच्याच गाडीत ऑक्सिजन लावून दिला. एक नर्सबाई सोबत बसली. सखू मागं, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन.

दुपारी मी गॅरेजमधे एका गाडीच्या ब्रेकचं काम करत होतो. फोन वाजला. नवनाथ.

"मिस्त्री, लाल दिवा लागलाय. ऑइलचा. आन आवाज येतोय, ऐका." त्यानं फोन खाली धरला असावा. मला ऐकू आलं. कुणी आतून लोखंडी दारावर हातोडी मारावी तसा आवाज, एका लयीत. हा आवाज मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलेला. तो आला की इंजिनाला फार वेळ उरलेला नसतो.

"बिरूची छाती हालत न्हाय नीट. थांबू का जाऊ? मिस्त्री, बोला की!"

लाल दिवा लागला की आहे तिथं गाडी थांबवायची आणि इंजिन बंद करायचं. हे मी शेकडो माणसांना सांगितलं. ड्रायव्हरांना दम देऊन सांगितलं. धंद्यातली पहिली गोष्ट ती. थांबवली तर इंजिन वाचतं. पण आत माणूस होता. थांबून, गार होऊ देऊन, ऑइल आणून घालायचं, तेवढा वेळ त्याच्याजवळ नव्हता.

मी म्हणालो, "थांबू नको. हळू चालव, जोर देऊ नको. जाईल तितकं जा. मी निघालोच."

माझी जुनी छोटी गाडी बाहेर उभी होती. ऑइलचा डबा टाकला आणि निघालो. गाडी चालवत होतो आणि मनात नवनाथच्या गाडीबरोबर एकेक चढ चढत होतो. आता ती पुलावर असेल, आता वळणावर. त्या चढावर तिला जोर द्यावाच लागेल, तो देऊ नये. फोन लावला, त्यानं उचलला नाही.

त्याच चढावर ती मला दिसली. रस्त्याच्या कडेला आडवी, तोंड शेताकडं. नवनाथ पुढच्या चाकाशी बसला होता. मागचं दार उघडं. आत कुणी नव्हतं. स्ट्रेचर नव्हतं. ऑक्सिजनचं नळकांडं पट्ट्यांत तसंच होतं, नळी खाली लोंबत होती.

"कुठायत?"

"कांद्याच्या टेम्पोत घातलं. लई गाड्यांस्नी हात केला. दोन टेम्पो तसंच गेलं. ह्यो थांबला." तो माझ्याकडं बघत नव्हता. "नळकांडं सुटंना. पट्ट्याचं नट गंजल्यालं. पाना फिरंना, मिस्त्री. नर्सबाई म्हणाल्या, राहू दे, आधी माणूस हलवा. बाई तोंडानं वारा देत गेल्या."

मी त्याला गाडीत घातलं आणि टेम्पोच्या मागं निघालो. दवाखान्याच्या दाराशी टेम्पो उभा होता, कांद्याची पोती तशीच. सखू पायरीवर बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, विचारावं लागलं नाही. आत कुणी आमच्याशी जास्त बोललं नाही. उशीर झाला, एवढंच म्हणाले. नर्सबाई भिंतीला टेकून रडत होती. टेम्पोवाला, अनोळखी माणूस, तिला पाणी देत होता.

बिरूला मूठमाती दिल्यावर गाडी ओढून माझ्याकडं आणली. मीच हट्ट धरला. इंजिन मी एकट्यानं खोललं. खालचं चेंबर काढलं तर आत ऑइल नव्हतंच, काळी पेंड होती. बोटानं खरवडून काढावी लागली. जाळी पूर्ण बुजलेली. बेअरिंग क्रँकला, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्याला, चिकटून एकजीव झाली होती. मी ती जाळी तशीच, न धुता, कापडावर ठेवली. माझं हे काम आयुष्यभराचं आहे, बिघडलेलं इंजिन खोलताना मला कधी काही वाटत नसे, उलट उत्सुकताच असायची. त्या दिवशी काम मधेच सोडून मी दोनदा बाहेर जाऊन आलो.

गावात बैठक झाली. मला बोलावणं नव्हतं, तरी गेलो. रावसाहेब होते, आप्पाही होते, बऱ्याच दिवसांनी एका सतरंजीवर. रावसाहेबांनी सुरुवात केली. "लाल दिवा लागल्यावर गाडी थांबवायची असती, ह्ये लहान पोराला बी ठाऊक हाय. ड्रायव्हरनं का न्हाय थांबवली? थांबवली आसती तर इंजिन वाचलं आसतं."

नवनाथ उभा होता. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी उठलो.

"मी सांगितलं त्याला जा म्हणून."

सगळे माझ्याकडं वळले. "मग तुमी जिम्मेदार," कुणीतरी मागून म्हणालं.

"व्हय, इंजिनाला मी जिम्मेदार. इंजिन माझ्या नावावर लावा." मी कापड सोडलं आणि ती जाळी समोर ठेवली. "आता ह्येला कोण जिम्मेदार, तेवढं सांगा."

जाळी हातोहात फिरली. प्रत्येकानं बघितली, नाकाला लावली, पुढं दिली. एक म्हातारा म्हणाला, "बाबौ, लईच." आप्पांनी ती हातात घेतली, म्हणाले, "आमच्या टायमाला आसं न्हवतं." रावसाहेब म्हणाले, "तुमच्याच टायमापासनं सुरुवात आसणार." आणि सुरू झालं. कोण बरोबर, कोण चूक, कुणी कुणाची फाइल अडवली, कुणाच्या बुथवर काय झालं. बिरूचं नाव त्यात परत निघालं नाही. मी जाळी उचलली, कापडात बांधली. नवनाथ दारातून कधी निघून गेला, मला कळलं नाही.

मला वाटत होतं, ती जाळी बघून माणसं गप्प होतील. मी आयुष्यभर हेच धरून चाललो होतो की माणसाला खराब झालेला भाग हातात दिला, डोळ्यांनी दाखवला, की त्याला पटतं. गिऱ्हाइकाला मी नेहमी जुना भाग दाखवायचो. ह्या धंद्यातला माझा विश्वास तेवढ्यावर उभा होता.

सखू नंतर एकदा गॅरेजला आली. सोबत तिचा भाऊ, तो बाहेर थांबला. ती आत येऊन टायरवर बसली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मामा, एक इचारू का?"

"विचार, बाई."

"ते तेल घातलं आसतं तर गाडी बंद पडली नसती?"

खोटं सांगावं असं वाटलं. गाडीचं काय, कधीही बंद पडते, असं म्हणता आलं असतं. पण ती एवढ्या लांब खोटं ऐकायला आली नव्हती.

"न्हाय. बंद पडली नसती."

"आन ह्ये जगलं आसतं?"

"ते मला सांगता येत न्हाय, सखू. डॉक्टरलाच म्हायती. पण दवाखान्यात मशीनपर्यंत गेला आसता."

तिनं मान हलवली. इकडंतिकडं बघत राहिली. भिंतीवरचे पाने, डबे, जॅकवर उचललेली एक गाडी. मग म्हणाली, "किती वेळ लागतोय त्याला? तेल बदलायला?"

"अर्धा तास."

ती उठली. "अर्धा तास," असं पुन्हा म्हणाली, स्वतःशीच, जसं एखादं माप लक्षात ठेवायचं असावं. रडली नाही. दारात थांबून तिनं मला हात जोडले. तिनं मला का हात जोडावेत? मी त्या टायरवर तिच्यानंतर बराच वेळ बसून होतो. बाहेर एक गिऱ्हाईक हॉर्न मारत होतं.

सखूनं पुढं मेंढरं विकली. आता ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. गावाची गाडी तशीच राहिली. नव्या इंजिनासाठी वर्गणी काढायची कुणी गोष्टही काढली नाही. माझ्या दारातून ती त्यांनी ओढून नेली आणि पंचायतीच्या मागं उभी केली. लेकीकडं जातो तेव्हा दिसते. दारावरचं अक्षर अजून सुंदर आहे.

लोक म्हणतात, मिस्त्री, तुमचं म्हणणं बरोबर होतं. काय करू मी त्या बरोबरचं? कुणी मान्य केलं म्हणून बिरू मेंढरं घेऊन माळावरून उतरत नाही. बरोबर असण्याचा काही उपयोग असतो, असं मला पूर्वी वाटायचं. हल्ली कुणी ऑइलाबद्दल विचारलं तर मी सांगतो आणि ते ऐकतायत की नाही, बघत नाही. गॅरेजही मी बंद केलं. कंबर धरते, हे लोकांना सांगायचं कारण. कंबर खरंच धरते, पण ती आधीपासूनच धरायची.

बंद करायच्या आधी मी नवनाथला फोन केला होता. तो बायको आणि मुलींना घेऊन पुण्याला गेला आहे. एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. म्हटलं, "पाने, जॅक सगळं हाय. जागा हाय. तू ये. तुझ्याएवढी समज कुणाला न्हाय. मी शेजारी बसून सांगत जाईन."

त्याच्या मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"न्हाय मिस्त्री. हितं बरं हाय. गाडी आली की गेट उघडायचं, गेली की लावायचं. कुणाच्या गाडीत काय हाय, ते आपल्याला बघायचं नसतंय."

मग म्हणाला, "थांबा हं, एक गाडी आली," आणि फोन तसाच चालू ठेवून तो गेला. गेट सरकल्याचा आवाज आला. गाडी आत गेली. गेट पुन्हा लागलं. मी फोन कानाला लावून होतो. तो परत आला नाही.